फेट्याखालचे डोळे

छायाचित्रांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक विषयाविषयी असते. चित्रात कोण आहे, प्रसंग कोणता, क्षण कसा नेमका साधला, यावर समीक्षक भरभरून लिहितात, आणि काळ्या खोलीत त्या चित्राचे पुढे काय झाले हा प्रश्न कारागिरांच्या गप्पांवर सोडून देतात. कारागीर तो प्रश्न आपल्या परीने सोडवितात. म्हणजे नुस्खे सांगतात. अमुक फिल्म अमुक डेव्हलपरमध्ये इतकी मिनिटे धुवावी, की दाणा सुरेख येतो. तमुक जोडी घ्यावी, की काळा रंग मखमलीसारखा उतरतो. जणू फिल्म ही वधू आणि डेव्हलपर हा वर. छत्तीस गुण जुळले की संसार सुखाचा झालाच! मंगळ कोणाला आहे याचीही चर्चा या मंडळींत तासन्‌तास चालते.

या चर्चेची मी थट्टा करतो असे कोणी समजू नये. फिल्म आणि डेव्हलपर यांची निवड ही अतिशय गंभीर गोष्ट आहे, असेच मला म्हणावयाचे आहे. ती इतकी गंभीर आहे की ती केवळ नुस्खेवाल्यांच्या हाती राहू नये. कारण चित्रात कोण दिसेल आणि कोण काळोखात बुडेल, हे पुष्कळदा तेथेच ठरते. फिल्म संपली असे सगळ्यांनी मानून झाल्यावरही ती संपलेली नाही. आग्फाच्या फिल्म कारखान्याचे दिवाळे २००५ साली वाजले, कोडॅकने २०१२ साली नादारी जाहीर केली. पण इंग्लंडात चेशायरमधल्या मॉबर्ली गावी इलफर्डची फिल्म आजही बनते आणि अमेरिकेत रॉचेस्टरला ट्राय-एक्सही बनते. आपल्या उटीच्या थंड हवेत १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' मात्र आता मिळत नाही. तो कारखाना बंद झाला. तेव्हा आपली तरुण मुले जी फिल्म वापरतात ती परदेशी, आणि तिच्याबरोबर येणारा मिनिटांचा व अंशांचा तक्ताही परदेशी. या तक्त्याकडे मी पुढे वळणारच आहे.

ज्यांनी काळी खोली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. फिल्मवर जिलेटिनचा एक पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. कॅमेऱ्याचे दार क्षणभर उघडते, प्रकाश त्या कणांवर पडतो, आणि डोळ्यांना दिसणार नाही असा बदल त्यांत होतो. डेव्हलपर हे द्रावण प्रकाश लागलेल्या कणांचे काळ्या चांदीत रूपांतर करते. न लागलेले कण हायपोत विरघळून जातात. जेथे उजेड जास्त तेथे निगेटिव्हवर काळेपणा जास्त, आणि कागदावर छापताना ते पुन्हा उलटते. एवढे तर शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पण यातली एक खुबी नीट ध्यानात घेतली पाहिजे. सावलीच्या भागात प्रकाश लागलेले कण थोडे, म्हणून तेथले काम लवकर आटोपते. उजेडाच्या भागात मात्र द्रावण जितका वेळ राहील तितका काळेपणा चढत जातो. म्हणून सावलीत काय दिसणार ते मुख्यतः कॅमेऱ्यात ठरते, आणि उजेड किती भडकू द्यावयाचा ते काळ्या खोलीत.

डेव्हलपर म्हणजे काही जादूचे पाणी नव्हे. सर्वांत प्रसिद्ध डेव्हलपर जो कोडॅकचा डी-७६, तो १९२० च्या दशकात सिनेमाच्या फिल्मसाठी तयार झाला. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, आणि टाकणखार २ ग्रॅम: ही त्याची सारी कुळकथा. होय, आपल्या आजीच्या बटव्यातला टाकणखारच. इलफर्डचा आयडी-११ म्हणजे हाच पदार्थ दुसऱ्या डब्यात. यातले १०० ग्रॅम सल्फाइट मोठे कामाचे. ते चांदीच्या कणांच्या कडा किंचित विरघळविते, त्यामुळे चित्राचा दाणा मऊ होतो. त्यातच समभाग पाणी घातले की हा विरघळविण्याचा गुण मंदावतो, दाणा जरा करकरीत होतो आणि वेळ जास्त लागतो. याच्या उलट टोकाला आग्फाचे रोडिनाल. ते १८९१ सालचे. आग्फा गेली तरी त्याची कृती दुसऱ्या नावांनी विकली जातेच आहे. मुरलेल्या लोणच्यासारखी त्याची बाटली वर्षानुवर्षे टिकते. पंचवीस किंवा पन्नास भाग पाण्यात एक भाग घालावयाचे. ते दाण्याला हात लावीत नाही. जसा आहे तसा, टोकदार उभा करते. बाकी शेकडो डेव्हलपर या दोन स्वभावांच्या अधेमधे कोठेतरी बसतात, असे म्हटले तर पट्टीच्या मंडळींना राग येईल, पण आपले काम भागेल.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. दरवर्षी ज्येष्ठात पालख्या निघाल्या की छायाचित्रकारही निघतात. आळंदी, देहू, दिवेघाटाचे वळण, रिंगण. वारीची कृष्णधवल चित्रे ही महाराष्ट्राच्या छायाचित्रणातली एक स्वतंत्र शाखाच होऊन बसली आहे, आणि प्रदर्शनात, दिनदर्शिकांवर, पुस्तकांत ती मी आवडीने पाहत आलो आहे. त्यांतली बरीचशी एकाच साच्याची आहेत. आभाळ काळेभोर, धोतरे आणि बंड्या पांढऱ्याफटक, टाळ चमकणारे, आणि फेट्याखाली एक काळा डाग. त्या डागात दोन डोळे होते, कपाळावर बुक्का होता, अठरा दिवस चाललेल्या माणसाचा शीण होता. ते काहीच उरलेले नाही. पाहणारे म्हणतात, 'काय दमदार चित्र आहे!' मला तो दम कुस्तीतला वाटतो, भजनातला नाही.

हा दम येतो कोठून? त्याचे नाव पुशिंग. फिल्मच्या डबीवर ४०० लिहिलेले असते; छायाचित्रकार ती १६०० ची समजून वापरतो, म्हणजे तिला लागतो त्याच्या चौथाई प्रकाश देतो, आणि ती तूट डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून भरून काढू पाहतो. संध्याकाळच्या अंधारात, देवळाच्या गाभाऱ्यात, जेथे दुसरा इलाजच नाही तेथे हे समजण्यासारखे आहे. पण उघड्या माळावर, दिवसाढवळ्या? वर सांगितलेली खुबी येथे आठवावी. जास्त वेळ ठेवल्याने वाढतो तो उजेडाचा काळेपणा. सावलीत जो प्रकाश पोचलाच नाही तो कोणताही डेव्हलपर निर्माण करू शकत नाही. पेरले नाही ते उगवणार कोठून? परिणाम असा, की धोतर भडकते आणि चेहरा बुडतो. शुभ्र धोतर आणि फेट्याच्या सावलीतला सावळा चेहरा यांत उन्हाच्या वेळी मुळातच पाच-सहा स्टॉपचा फरक असतो, म्हणजे एक बाजू दुसरीच्या तीस ते साठ पट उजळ. फिल्मला हा फरक पेलतो. कागदाला तो जड जातो. आणि त्यावर पुशिंगची भर घातली की कागद हात टेकतो.

जी जोडी पांढऱ्या कातडीच्या, करड्या कोटातल्या माणसाला लंडनच्या ढगाळ दुपारी शोभून दिसते, तीच जोडी दिवेघाटातल्या वारकऱ्याला शोभेल असे मानणे हा माझ्या मते केवळ तांत्रिक दोष नाही. त्या माणसाकडे नीट पाहिलेले नाही, असाच त्याचा अर्थ होतो. त्याला काय द्यावे हे सांगणे सोपे आहे, आणि त्यात मखमलीचे वगैरे काही नाही. ४०० ची फिल्म घ्यावी, एचपी-५ किंवा ट्राय-एक्स, दोन्ही चांगल्या. ती २०० ची समजून दुप्पट प्रकाश द्यावा, तोही चेहऱ्याच्या सावलीवर मोजून. मग डी-७६ समभाग पाण्यात, तक्त्यातल्या वेळेहून पाचवा हिस्सा कमी धुवावी, आणि डबा कमी हलवावा. धोतर पांढरेच राहते, त्याच्या चुण्या दिसतात, आणि डोळे दिसतात. या जोडीला कोणी टाळ्या वाजविणार नाही. सुती धोतराला तरी कोण वाजवितो?

येथे कोणी म्हणेल, की थोर छायाचित्रकारांनीही काळोख बुडविला आहेच की! बुडविला आहे, आणि उलट सावलीसाठी जिवाचा आटापिटाही केला आहे. दोन्ही उदाहरणे पाहू.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स याचे 'मूनराइज, हर्नान्डेझ' हे १९४१ सालचे चित्र बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिलेले असेल. न्यू मेक्सिकोतले एक लहानसे खेडे, पुढे दफनभूमीतले पांढरे क्रूस, मागे बर्फाळ डोंगरांची रांग, वर काळे आभाळ आणि त्यात चंद्र. सूर्य मावळत होता, क्रूसांवरचे ऊन निघून जाण्याच्या बेतात होते, आणि प्रकाशमापक सापडेना. अ‍ॅडम्सला चंद्राची दीप्ती पाठ होती, चौरस फुटाला २५० कँडल. त्या एका आकड्यावरून त्याने हिशेब केला आणि एक चित्र घेतले. दुसरे घेण्याआधी क्रूसांवरचे ऊन गेले. आता त्याच्या हाती निगेटिव्ह होती ती अशी, की चंद्र झगझगीत आणि पुढची जमीन अगदी क्षीण. सरळ डेव्हलप करावी तर चंद्र जळतो, कमी करावी तर गाव मरतो. त्याने डी-२३ घेतला. हा डी-७६ चाही साधा भाऊ, मेटॉल ७.५ ग्रॅम आणि सल्फाइट १०० ग्रॅम, बस. तोही पातळ केलेला. निगेटिव्ह थोडा वेळ डेव्हलपरमध्ये, मग साध्या पाण्यात न हलविता. पुन्हा डेव्हलपर, पुन्हा पाणी. असे दहा वेळा. पाण्यात असताना जिलेटिनमध्ये मुरलेला डेव्हलपर चंद्राजवळ झटकन थकतो, कारण तेथे काम फार. जमिनीजवळ काम थोडे म्हणून तो हळूहळू करीतच राहतो. गॅस बंद करून झाकण ठेवल्यावर वाफेवर भात शिजतो, तसे काहीसे. एवढे करूनही १९४८ साली अ‍ॅडम्सने त्या निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने आणखी गडद केला, कारण क्रूस आणि घरे यांना हवा तेवढा जीव आला नव्हता. अवघ्या एका क्षणाच्या चित्रासाठी सात वर्षे चाललेला हा खटाटोप कशासाठी होता? खेड्यातल्या त्या जमिनीसाठी. चंद्र तर आयताच मिळाला होता.

दुसऱ्या बाजूला राल्फ गिब्सन. १९७० साली त्याचे 'द सॉमनॅम्ब्युलिस्ट', म्हणजे झोपेत चालणारा, हे पुस्तक निघाले. त्याची जोडी अगदी ठरलेली: ट्राय-एक्स आणि रोडिनाल. प्रकाश भरपूर, डेव्हलपिंगही भरपूर, निगेटिव्ह दाट, दाणा रवाळ, काळे भाग बुडालेले. येथे मात्र मी तक्रार करीत नाही. ते पुस्तक स्वप्नाविषयी आहे. दारातून आत येणारा हात कोणाचा हे तेथे कळावयाचेच नाही. डोळे न दिसणे हा तेथे अर्थ आहे. तसाच जपानचा दाइदो मोरियामा. १९६८ साली तोक्योत 'प्रोव्होक' नावाचे नियतकालिक निघाले, त्याचे अंक तीनच निघाले, पण त्या मंडळींच्या खरखरीत, हललेल्या, अस्पष्ट चित्रांनी जगातल्या छायाचित्रकारांना झपाटले. मोरियामाचे फाटके काळेपण त्या शहरातल्या त्याच्या अस्वस्थतेतून आलेले आहे. तेथे तो कोणा भाविकाच्या तोंडावर ते फासत नव्हता. तो स्वतःच त्यात भटकत होता.

म्हणजे रवाळ दाणा वाईट आणि मऊ दाणा चांगला, असा नियम मी घालीत नाही. गिब्सनच्या हातात जे स्वप्न होते ते दिवेघाटात नकलेने आणले की नुसती खरखर उरते. हल्ली तर लग्नातल्या डिजिटल चित्रांवर संगणकातून हा दाणा वरून भुरभुरतात, कोथिंबिरीसारखा! तेथे फिल्मही नाही, रोडिनालही नाही. फक्त त्यांची आठवण आहे, आणि तीही दुसऱ्याची.

फिल्मचा स्वभाव माणसाच्या चेहऱ्याशी किती भिडतो, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत घरातला जुना आल्बम काढावा. फार जुन्या चित्रांतून पणजी, आजी-आजोबा आहेत त्याहून काळे दिसतात, आणि पणजीचे कुंकू तर शाईसारखे काळेकुट्ट. याचे कारण त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म. त्यांना तांबडा प्रकाश दिसतच नसे. म्हणून तर काळ्या खोलीत तांबडा दिवा चालत असे. आपल्या सावळ्या वर्णात तांबूस छटाच अधिक. ती फिल्मला दिसली नाही की माणूस एक-दोन छटांनी काळा झालाच. मग स्टुडिओवाला निगेटिव्हवर पेन्सिलीने चेहरा 'सुधारून' देई, आणि पोरीचे स्थळ जमविण्याच्या कामी ते उपयोगी पडे. पुढे सर्व रंग पाहणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ झाल्या. चेहरे उजळले, पण एक गंमत झाली. तांबडे कुंकू आता फिल्मला चांगलेच उजळ दिसू लागले, जवळजवळ कपाळाइतकेच. आणि कित्येक चित्रांत ते कपाळात विरून गेले. कुंकू हवे असेल तर भिंगावर हिरवी काच लावावी, म्हणजे ते पुन्हा गडद होते. पण मग चेहराही थोडा गडद होतो. या दोहोंत काय राखावयाचे हे कोणताही तक्ता सांगत नाही. ते चित्र घेणाऱ्याने सांगावे लागते, आणि सवाष्ण समोर बसलेली असताना सांगावे लागते.

आता तो तक्ता. एचपी-५ आयडी-११ मध्ये निव्वळ धुवावयाची तर साडेसात मिनिटे, समभाग पाण्यात तेरा मिनिटे, दोन्ही २० अंश सेल्सिअसला. हा २० चा आकडा सगळ्या जगात वेदवाक्यासारखा चालतो. मॉबर्लीच्या नळाला तो सहज साधत असेल. आपल्याकडे वैशाखात नळाचे पाणी तिशीला टेकते, आणि गच्चीवरच्या टाकीचे तर विचारूच नका. उष्णता वाढली की क्रिया वेगाने होते. साडेसात मिनिटांचे काम २८ अंशांना चार मिनिटांच्याही आत उरकते. चार-पाच मिनिटांच्या आतले डेव्हलपिंग सारखे होत नाही. द्रावण ओतण्या-काढण्यातच वेळ जातो आणि आभाळावर पट्टे उमटतात. समभाग पाणी घातलेल्या द्रावणाचे मात्र तेरावरून सहा-सात मिनिटांवर येते, आणि ते हाताळता येते. म्हणजे पातळ डेव्हलपर ही इकडे हौस नसून सोय आहे. ज्या सोयीने हवामान सांभाळले जाते, तीच सोय धोतर आणि चेहरा यांतला फरकही आटोक्यात ठेवते, हा योग मला मोठा मनोरम वाटतो. नुस्खेवाल्यांच्या पत्रिकेत त्याला स्थान नाही, कारण तेथे पाण्याचा रकानाच नसतो.

बर्फ घालून पाणी २० ला आणावे, असे पुष्कळजण करतात. करावे, पण मग हायपो आणि धुण्याचे पाणीही त्याच्या जवळपास हवे. गार डेव्हलपरमधून काढून कोमट नळाखाली धरले तर फुगलेले जिलेटिन सुरकुतते आणि चित्रावर कोळिष्टकासारखी जाळी पडते. हायपोत तुरटीचा क्षार घालून जिलेटिन कडक करण्याची जुनी रीत उष्ण देशांतल्या लोकांसाठीच होती. ती आता विस्मरणात चालली आहे. त्यापेक्षा सर्व द्रावणे एकाच खोलीत रात्रभर ठेवावी, पहाटे जे तापमान असेल ते मोजावे, आणि त्याप्रमाणे वेळ कमी करावा, हे मला जास्त शहाणपणाचे वाटते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ फार उपयोगी पडतो, पाणी चांगलेच उतरते. मुंबईच्या दमट हवेत माठाला घाम सुकविता येत नाही, म्हणून तेथे त्याच्यावर विसंबू नये. रोडिनालचा एक भाग शंभर भाग पाण्यात घालून तासभर डबा तसाच ठेवून द्यावयाचा, ही पद्धत हल्ली आळशी लोकांत फार लोकप्रिय आहे. थंडीत ती कधीकधी साधते, पण आपल्या उकाड्यात तीतून धुके आणि पट्टे यांशिवाय फारसे काही निघत नाही.

दिवाळीत घरोघरी कॅमेरे निघतील, आणि ज्यांच्याकडे फिल्मचा कॅमेरा आहे त्यांना पणत्यांचे चित्र घ्यावेसे वाटेल. पणती आणि तिच्यामागचा मुलीचा चेहरा म्हणजे लहान प्रमाणात हर्नान्डेझचा चंद्र आणि जमीनच. ज्योतीवर मोजाल तर मुलगी जाईल. मोजायचे ते गालावर. पणत्यांची ओळ जवळ असेल तर ४०० च्या फिल्मला एफ-२ वर सेकंदाचा आठवा ते पंधरावा भाग धरावा, आणि कॅमेरा तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर टेकवावा. ज्योतीचा प्रकाश तांबूस, त्यामुळे निळ्या आभाळाच्या मानाने फिल्मला तो थोडा कमीच दिसतो. म्हणून शंका आली तर आठवाच भाग घ्यावा, पंधरावा नको. फिल्म मग डी-७६ समभागात, पाचवा हिस्सा वेळ कमी करून, मिनिटातून एकदाच डबा उलटवून. ज्योत पांढरी होईल. तिला होऊ द्यावे, ज्योतीत पाहण्यासारखे तपशील नसतातच. तिच्याभोवतीचे वलय, तेलाचा चकचकीत काठ, मुलीच्या परकराची किनार आणि नाकाच्या सावलीपलीकडचा दुसरा डोळा, एवढे निगेटिव्हवर आहे का ते उजेडाकडे धरून पाहावे. दुसरा डोळा असेल, तर कागद कोणता घ्यावा याचा विचार भाऊबीज उलटल्यावर केला तरी चालेल.